अवर्षणप्रवण भागासाठी बहुवर्षीय द्विदल चारा : स्टायलो

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या आपल्या तालुक्यांत शेतीचे जे प्रश्न आहेत, त्यांत वैरणीचा प्रश्न हा अग्रभागी मानावा लागेल. माणसासाठी धान्य बाहेरून आणता येते व ते साठविताही येते. परंतु वैरण ही जागा फार व्यापणारी आणि वाहतुकीस महाग पडणारी वस्तू असल्याने ती शक्यतो गावातच पिकली पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात हजारो शेतकऱ्यांना दावणीची जनावरे मिळेल त्या किमतीस विकावी लागली. पुढे २०१२-१३ व २०१८-१९ या वर्षी अनेक तालुक्यांत शासनास चारा छावण्या उघडाव्या लागल्या. छावणीमुळे जनावर जगते हे खरे. तथापि घरातील एक माणूस त्या जनावरामागे महिनोन् महिने छावणीत अडकून पडतो आणि गावातील माळ मात्र पूर्वीसारखाच उघडा राहतो. छावणी हा संकटकाळचा आसरा आहे, वैरणीची तरतूद नव्हे.

ही तरतूद चांगल्या पावसाच्या वर्षीच करून ठेवावी लागते. त्यासाठी अशा वनस्पतींची निवड केली पाहिजे की, ज्या एकदा लावल्या असता काही वर्षे टिकतील, हलक्या जमिनीत वाढतील, पावसाने ताण दिला तरी मरणार नाहीत आणि जनावरांना केवळ पोटभर नव्हे तर पौष्टिक चारा देतील. थंड व कोरड्या प्रदेशांत हे कार्य मिल्कव्हेच या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहुवर्षीय शेंगवर्गीय वनस्पती करतात; चीनमधील पिवळ्या मातीच्या पठारावर धूप थांबविण्यासाठी व चाऱ्यासाठी त्यांची मुद्दाम पेरणी केली जाते. आपल्याकडील उष्ण हवेत व मोसमी पावसात त्याच जागी बसणारी वनस्पती म्हणजे स्टायलो होय. प्रस्तुत पाठात तिची ओळख, लागवड व उपयोग यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

वनस्पतीची ओळख

स्टायलो हे स्टायलोसँथिस या मोठ्या नावाचे संक्षिप्त रूप आहे. ही वनस्पती भुईमूग, चवळी व तूर यांच्याच शेंगवर्गीय कुळातील असून तिच्या बहुतेक जाती मूळच्या अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशातील आहेत. पान तीन लहान पर्णिकांचे, फूल बारीक व पिवळे, शेंग अगदी लहान व एक-दोन दाण्यांची असते. खोड प्रथम कोवळे असते व वयाबरोबर काष्ठमय होते.

तिच्या काटकपणाचे मुख्य कारण जमिनीखाली आहे. तिचे सोटमूळ मुरमाच्या भेगांतून खोलवर जाते व गवताच्या तंतुमय मुळांच्या आवाक्याबाहेर असलेली ओल शोषून घेते. कडक उन्हात ती पर्णिका सूर्यकिरणांना समांतर वळविते, त्यामुळे पानांवर ऊन कमी पडते व बाष्पीभवन घटते. ताण अधिकच वाढला तर पाने गाळून ती स्वस्थ राहते आणि पाऊस होताच पुन्हा फुटते. यामुळेच दिवाळीनंतर माळावरील गवत पिवळे पडून वाळत असताना स्टायलो मात्र आणखी काही काळ हिरवी दिसते.

दुसरा गुण तिच्या मुळांवरील गाठींत आहे. या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र वनस्पतीस उपलब्ध करून देतात. चवळीच्या मुळांवर जे जिवाणू गाठी करतात, त्याच गटातील जिवाणू स्टायलोलाही चालतात. ते आपल्या बहुतेक जमिनींत असतात. रोप सावकाश उपटून गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी दिसल्यास ती कार्यक्षम आहे असे समजावे.

जातींची निवड

आपल्या भागाच्या दृष्टीने तीन जाती लक्षात ठेवाव्यात.

हमाटा ही बुटकी, पसरट व पातळ खोडाची जात आहे. ती लवकर फुलते व भरपूर बी टाकते. तिचे झाड फार वर्षे जगत नाही. परंतु गळलेल्या बियांपासून दर पावसाळ्यात नवी रोपे उगवत असल्याने तिचा ताटवा टिकून राहतो. हलकी, वालुकामय वा तांबूस जमीन तिला मानवते.

स्कॅब्रा ही उभट, झुडपासारखी व खोल मुळाची जात आहे. ती अधिक काळ जगते व पावसाचा खंड सर्वांत चांगला सोसते. मुरमाड माळ व उताराच्या जमिनी यांसाठी ती उत्तम होय. पाणी साचणारी काळी चिकण जमीन मात्र तिला मानवत नाही.

सीब्राना ही जात भारी व चुनखडीयुक्त जमिनीतही तग धरते. ज्या गावी पडीक जमीन मुरमाड नसून चिकण आहे, तेथे तिचा विचार करावा.

शक्य असेल तेथे एकच जात न पेरता दोन जातींचे मिश्रण पेरावे. यामागे एक अनुभव आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात टाऊन्सव्हिल स्टायलो या एकाच जातीची कुरणे फार मोठ्या क्षेत्रावर पसरली होती. १९७० नंतरच्या दशकात तिच्यावर करपा रोग आला आणि ती कुरणे उद्ध्वस्त झाली. पानांवर व खोडावर गडद कडांचे ठिपके पडणे, पाने गळणे व शेंडे वाळणे ही या रोगाची लक्षणे होत. कुरणावर औषधे फवारणे परवडत नाही. रोगास दाद न देणारे वाण निवडणे व जातींचे मिश्रण ठेवणे हाच त्यावर खरा उपाय आहे.

हवामान व जमीन

वार्षिक पर्जन्यमान सुमारे ४५० ते ८५० मिलिमीटर असलेल्या भागात हे पीक चांगले येते. सोलापूर, अहिल्यानगर, बीड व धाराशिव हे जिल्हे, तसेच सातारा व सांगली जिल्ह्यांचे पूर्वेकडील तालुके यांतील बराच प्रदेश या मर्यादेत बसतो. हिवाळ्यात तिची वाढ मंदावते. दाट सावली तिला सोसत नाही. फळबागेत लावावयाची असल्यास झाडांच्या दोन ओळींमधील मोकळ्या पट्ट्यात लावावी.

येथे एक सूचना आवश्यक आहे. ज्या माळावर पवना, मारवेल, डोंगरी यांसारखी चांगली गवते आजही दाट उभी आहेत, तो माळ नांगरून स्टायलो पेरण्याचे कारण नाही. असे माळ ही गावाची ठेव असून त्यांवर अनेक वन्य पशुपक्ष्यांची उपजीविकाही अवलंबून असते. स्टायलोची जागा उजाड झालेल्या गायरानात, धूप झालेल्या उतारावर, कुसळीने व्यापलेल्या पडिकात आणि शेताच्या बांधावर आहे.

बियाण्यावरील प्रक्रिया

स्टायलोची लागवड फसते ती बहुधा या एका पायरीवर. तिच्या बियांचे टरफल इतके कठीण असते की, त्यातून पाणी आत शिरत नाही. तसेच बी पेरल्यास थोडेच उगवते व उरलेले जमिनीत पडून राहते. शेतकरी उगवण विरळ पाहून बी खोटे होते असे समजतो व पुन्हा या पिकाच्या वाटेस जात नाही. म्हणून पुढील प्रक्रिया अवश्य करावी.

बी ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात चार मिनिटे ठेवावे व नंतर रात्रभर थंड पाण्यात भिजवावे. तापमापक नसल्यास तीन भांडी उकळते पाणी व त्याच मापाचे एक भांडे साधे पाणी एकत्र करावे. पाणी सुमारे ८० अंशांवर येते. एक किलो बियास निदान आठ-दहा लिटर पाणी असावे, नाहीतर बी टाकताच पाणी निवते. बी सैल फडक्यात बांधून पाण्यात सोडावे, हलवीत राहावे आणि चार मिनिटे होताच बाहेर काढावे. उकळत्या पाण्यात बी टाकू नये, तसेच वेळ वाढवू नये. अशाने बी शिजून मरते. सकाळी पाणी निथळून बी सावलीत सुकवावे.

भिजविलेले बी कोरड्या जमिनीत कधीही पेरू नये. तसेच सर्व बियाण्यावर प्रक्रिया न करता सुमारे चतुर्थांश बी तसेच राखून त्यात मिसळावे. पहिल्या पावसावर उगवलेली रोपे पुढील खंडात करपून गेली, तरी हे कठीण बी जमिनीत शिल्लक राहते व मागाहून उगवते. आपल्या बेभरवशाच्या पावसात हा एक प्रकारचा विमाच आहे.

पूर्वमशागत व पेरणी

सपाट पडिकात एक नांगरट व एक-दोन कुळवाच्या पाळ्या पुरेत. उताराच्या जमिनीत सबंध क्षेत्र नांगरू नये, अन्यथा पहिल्याच वळवाच्या पावसात माती वाहून जाईल. तेथे समतल रेषेत हात-दीड हात रुंदीचे पट्टे कुदळीने मोकळे करून त्यांतच पेरावे. समतल चर खोदले असल्यास चराच्या खालच्या अंगास टाकलेली माती ही स्टायलोसाठी उत्तम जागा होय.

उपलब्ध असल्यास एकरी चार टन, म्हणजे साधारण आठ ते दहा गाड्या, शेणखत घालावे. शिफारशीनुसार एकरी ८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद व ६ किलो पालाश द्यावे. यांपैकी स्फुरदाचे महत्त्व सर्वाधिक आहे. एवढ्या स्फुरदासाठी १५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट लागते. एवढा खर्च झेपत नसेल तर निदान एक पोते सुपर फॉस्फेट तरी ओळीत द्यावे. स्फुरदाशिवाय स्टायलो जगते. परंतु तिची वाढ खुंटते व चाऱ्यातही स्फुरदाचे प्रमाण कमी राहते. नत्र मात्र अधिक देऊ नये. त्याचा लाभ तणासच होतो.

मृगाचा पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल आल्यावर जून-जुलैमध्ये पेरणी करावी. ओळीत पेरल्यास दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. एकरी अडीच किलो बी लागते. फोकून पेरल्यास चार किलो लागते. बी बारीक असल्याने त्यात चार-पाचपट कोरडी वाळू किंवा चाळलेले शेणखत मिसळावे, म्हणजे ते सारखे पडते. बी एक सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये. फोकून पेरल्यावर काटेरी फांदी हलकेच ओढावी, तेवढी माती पुरे. बांधावर वीतभर अंतराने बोटाने खुणा करून चिमूट-चिमूट बी टाकावे.

गवताबरोबर मिश्र लागवड

नुसती स्टायलो लावण्यापेक्षा तिची गवताशी सांगड घालणे केव्हाही श्रेयस्कर. गवताचे दाट मूळजाल वरची माती धरून ठेवते, स्टायलो खालची ओल वर आणते व जमिनीत नत्राची भर घालते. अंजन, मारवेल किंवा पवना यांच्या दोन ओळींनंतर स्टायलोची एक ओळ असे प्रमाण ठेवावे. हलक्या मुरमाड जमिनीत अंजन व स्कॅब्रा ही जोडी चांगली जमते. स्टायलोची रोपे पहिले दीड-दोन महिने फार सावकाश वाढतात. म्हणून गवत त्यांच्यावर सावली धरू लागल्यास एकदा वरच्यावर कापून घ्यावे.

पहिल्या वर्षाची निगा

पहिले वर्ष हे कुरण उभे करण्याचे वर्ष आहे, उत्पन्नाचे नव्हे. ही गोष्ट लागवडीपूर्वीच सर्वांना समजावून सांगितली पाहिजे. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी एक खुरपणी करावी व गरज भासल्यास दुसरी करावी. या वर्षी जनावरे मुळीच सोडू नयेत. सुमारे ७५ दिवसांनी पीक फुलावर आले म्हणजे जोमदार वाढ असल्यास एक हलकी कापणी घेता येते. परंतु गायरानात ती न घेता बी पक्व होऊन जमिनीवर गळू द्यावे, हे अधिक हिताचे. या पहिल्या बियांच्या सड्यावरच पुढील वर्षांचा ताटवा अवलंबून असतो. उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून कुरणाभोवती गवत काढून जाळरेषा राखावी.

कापणी व उत्पन्न

दुसऱ्या वर्षापासून फुलोऱ्याच्या सुमारास कापणी करावी. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर उंची सोडून विळा लावावा. स्कॅब्रा ही झुडूपवजा असल्याने ती आणखी थोडी वर कापावी. जमिनीलगत कापल्यास फुटवा येत नाही. चांगली जमीन, खत व पाऊस असल्यास दुसऱ्या वर्षापासून एकरी १२ ते १४ टनांपर्यंत हिरवा चारा मिळतो. उघड्या मुरमाड माळावर एवढ्या उत्पन्नाची अपेक्षा धरू नये. तेथे ते बरेच कमी येते. परंतु त्याच माळावर आज जे काही उगवते त्याच्याशी तुलना केली असता लाभ स्पष्ट दिसून येईल.

चाऱ्याची योग्यता

ज्वारीच्या कडब्यात प्रथिने तीन-चार टक्केच असतात आणि वाळलेल्या कुसळीचीही गत तीच आहे. फुलोऱ्यापर्यंतच्या स्टायलोच्या शुष्क भागात प्रथिनांचे प्रमाण साधारण १५ ते १८ टक्के असते. याचा अर्थ हिशेबाने पाहू. गाईला दिवसास सहा किलो कडबा घातला तर तिला त्यातून सुमारे २०० ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याच्या जोडीस दहा किलो हिरवी स्टायलो घातली, तर तीत शुष्क भाग अंदाजे अडीच किलो असतो व त्यातून आणखी साडेतीनशे ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. ढेपेवरील खर्च ज्या कुटुंबास जड जातो, त्याला या आकड्यांचे मोल वेगळे सांगावयास नको.

एकूण हिरव्या चाऱ्यात स्टायलोचे प्रमाण एक-तृतीयांश ते निम्मे ठेवावे व बाकीचे गवत असावे. कुट्टी करून दिल्यास काष्ठमय भागही वाया जात नाही. लसूणघासामुळे होते तशी पोटफुगी स्टायलोने सहसा होत नाही. शेळ्यामेंढ्यांनाही हा चारा मानवतो.

काही गावी 'जनावरे तोंड लावत नाहीत' अशी तक्रार ऐकू येते. तीत तथ्यांश आहे. ऐन पावसाळ्यात कोवळे गवत उपलब्ध असता जनावरे आधी गवतच खातात. गवत निबर होऊ लागले म्हणजे तीच जनावरे स्टायलोकडे वळतात व ती आवडीने खातात. एका अर्थी हा दोष नसून गुणच आहे. कारण गवत संपते तेव्हाच तिची खरी गरज असते.

वाळवून ठेवावयाची असल्यास फुलोऱ्यात कापून पेंढ्या सावलीत वा विरळ उन्हात वाळवाव्यात आणि सकाळच्या दवाच्या ओलीत उलटाव्यात. भर दुपारी हलविल्यास पाने झडतात व हाती काड्याच राहतात. पौष्टिक अंश तर पानांतच असतो. झडलेली पाने गोळा करून त्यांची पूड कोंबड्यांच्या खाद्यातही अल्प प्रमाणात मिसळता येते.

बी धरणे

बाजारात या बियाण्याचा पुरवठा नियमित नसतो. म्हणून प्रत्येक गावाने चार-पाच गुंठ्यांचा बियाणे-वाफा स्वतंत्र राखावा. शेंगा एकाच वेळी पक्व होत नाहीत व पिकताच गळतात. यासाठी लागवडीखालील जमीन आधीच चोपून गुळगुळीत करावी. झाडे कापून झटकल्यानंतर जमिनीवरील बी झाडूने गोळा करावे, चाळावे व उफणून घ्यावे. आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात अल्पभूधारक शेतकऱ्यांनी याच रीतीने स्टायलोचे बी तयार करून तो जोडधंदा केला आहे.

गायरानाचा प्रश्न

बांधावरील लागवड हे एका कुटुंबाचे काम आहे. गायरानावरील लागवड हे सबंध गावाचे. तेथे बियाण्याहून चराईबंदीचा प्रश्न अवघड असतो. ज्याची शेती आहे तो काही महिने जनावरे दावणीस बांधू शकतो. परंतु ज्या भूमिहीन कुटुंबाचा संसार चार शेळ्यांवर चालतो, त्याच्यासाठी गायरान बंद होणे म्हणजे चूल बंद होणे होय. त्याचा विचार न करता घातलेली बंदी रात्रीच्या अंधारात मोडली जाते आणि मग दोष मात्र त्या कुटुंबाच्या माथी येतो.

यास्तव गायरानाचे तीन भाग पाडावेत. दर वर्षी एकच भाग बंद करून तेथे लागवड करावी व दोन भाग चराईस खुले ठेवावेत. दुसऱ्या वर्षापासून बंद भागात जनावरे न सोडता चारा कापून नेण्याची मुभा द्यावी आणि तीत भूमिहीन व शेळीपालक कुटुंबांचा वाटा ग्रामसभेत प्रथम ठरवावा. लागवडीची मजुरीही त्यांनाच मिळेल असे पाहावे. हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून माळ पुन्हा हिरवा करता येतो हे दाखवून दिले आहे. तेथे केवळ बी नव्हे, तर गावाचा एकमुखी निर्णय फळास आला.

ताटवा चांगला बसल्यावर चराई खुली करावयाची असल्यास ती पाळीपाळीने करावी. अतिचराई झाल्यास जनावरे प्रथम गवत संपवितात व स्टायलोच तेवढी माजते. मग माती उघडी पडते. गवत कमी होऊ लागल्याचे दिसताच तो भाग एक पावसाळा बंद ठेवावा.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आरंभी सबंध गायरानाची योजना हाती घेऊ नये. प्रथम वर्षी पाच-सहा शेतकऱ्यांचे बांध व एक बियाणे-वाफा एवढेच काम पत्करावे. गरम पाण्याची प्रक्रिया स्वतः चावडीवर करून दाखवावी. पन्नास कच्चे व पन्नास प्रक्रिया केलेले बी ओल्या गोणपाटात ठेवून आठ दिवसांनी दोन्हींची उगवण लोकांसमोर मोजावी. अशा एका प्रात्यक्षिकाचे कार्य दहा व्याख्यानांनी होत नाही. वैरण कापून आणण्याचे काम बहुतांशी घरातील स्त्रिया करतात. म्हणून या बैठकीस त्यांना अगत्याने बोलवावे व बांध कोणते निवडावेत हे त्यांच्याच सल्ल्याने ठरवावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील पडीक व गायरान जमीन मुरमाड आहे की चिकण? त्यानुसार कोणत्या दोन जाती निवडाल?

२. सर्व बियाण्यावर प्रक्रिया न करता काही बी तसेच का ठेवावे?

३. आपल्या गावातील किती कुटुंबांची जनावरे केवळ गायरानावर जगतात? एक भाग बंद केल्यास त्यांच्या वैरणीची सोय कशी कराल?

४. मागील दुष्काळात आपल्या गावातून किती जनावरे विकली गेली अथवा छावणीत न्यावी लागली? तेवढ्या जनावरांस दोन महिने पुरेल इतका चारा बांधांवर तयार होण्यास किती लांबीचे बांध लागतील, याचा एका बांधावरील प्रत्यक्ष कापणीवरून हिशेब करा.

दुष्काळ टाळणे आपल्या हाती नाही. परंतु तो येण्यापूर्वी बांधावर चार मुठी बी टाकणे आपल्या हाती आहे. येत्या मृगात शेतकरी बंधु-भगिनींनी निदान एका बांधापासून या कामास आरंभ करावा.